एक्केचाळीस नंबरची घोडी

“डाक्तरीनबाई, आत यायला कागद कशाला लागतोय? या की अशाच,” असं म्हणून जानू ढेबे दारातून बाजूला झाला.

मी मात्र कागद वाचतच राहिले. त्या काळी मला वाटायचं, की पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचल्याशिवाय हुकूम लागूच होत नाही. “सदर अधिसूचनेन्वये पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास तपासणीकामी कोणत्याही जागेत, इमारतीत वा आवारात प्रवेश करण्याचा, पशू ताब्यात घेण्याचा आणि रोगप्रसार रोखण्याकरिता त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार राहील...” तोंडाला मास्क, भोवती धुकं. माझा आवाज मलाच पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता, पूजेतले मंत्र ऐकतात तसा. त्यातलं काही आपल्याला कळावं अशी त्याची अपेक्षा नव्हती आणि, खरं सांगते, माझीही नव्हती.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी सत्तावीस वर्षांची होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातली पहिलीच नेमणूक आणि तीही आंबेकड्याला. आंबेकडा हे घाटमाथ्यावरचं थंड हवेचं गाव. गावात मोटारींना बंदी. पाहुणे नाक्यावर गाडी सोडतात आणि तिथून घोड्यावर बसून हॉटेलात जातात, नाहीतर माणसं ओढतात त्या हातरिक्षात. त्यामुळे गावात माणसांच्या खालोखाल वस्ती घोड्यांची आणि प्रत्येक घोड्याच्या लगामाला नगरपालिकेचा पितळी बिल्ला. एक घोडा, एक लायसन, एक बिल्ला. नवीन लायसनं कित्येक वर्षं बंद होती; घोडा मेला तरच त्याच्या बिल्ल्यावर दुसरा घोडा चढवता यायचा. ज्याच्याकडे बिल्ला होता त्याची चूल पेटत होती, इतकं साधं गणित होतं.

त्या वर्षी घाटाखालच्या एका गावात टांग्याचा घोडा नाक वाहून वाहून मेला. ग्लँडर्स नावाचा रोग निघाला. झालं, आंबेकड्यावरच्या झाडून सगळ्या घोड्यांचं रक्त तपासायचा हुकूम आला. एकशे साठ घोडे, दोन दिवस, आणि माणसं दोन, मी आणि आमचे ड्रेसर, म्हणजे दवाखान्यातले मदतनीस, भालेकरकाका. रक्ताच्या नळ्या दूर हरियाणातल्या प्रयोगशाळेत गेल्या. एकशे एकोणसाठ घोडे सुटले, एक्केचाळीस नंबर अडकला. खात्रीसाठी त्याचं रक्त पुन्हा पाठवलं. पुन्हा तोच निकाल. या रोगात घोड्याला औषध द्यायचं नसतं. इंजेक्शन देऊन संपवायचं आणि खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. ते इंजेक्शन त्या दिवशी माझ्या पिशवीत होतं. एवढं मोठं जनावर तोवर मी कधी मारलं नव्हतं.

पाऊस ओसरला होता, पण धुकं काही केल्या हलत नव्हतं. आंबेकड्याचं ते धुकं फार विचित्र. त्यात चालताना आपण चालतोय की उभ्या जागी झुलतोय, कळत नाही. झाडं जवळ येतात, बघून जातात. त्या सकाळी तर मला अर्धवट झोपेत असल्यासारखंच वाटत होतं. कुठेतरी खाली उतारावर नगरपालिकेची चार माणसं खड्डा खणत होती. ती दिसत नव्हती, फक्त कुदळीचा आवाज यायचा, मऊ, उशीखालून आल्यासारखा.

जानू ढेबेचा तबेला घराला लागूनच होता, मधे नुसती एक कुडाची भिंत. आत घोडी उभी होती. तिला धुऊन पुसून चकचकीत केलं होतं आणि कपाळावर हळदकुंकू लावलं होतं.

“पाखरी,” जानू म्हणाला. “कालपास्नं गूळ-भाकर खातीया. एवढा मान तिला जल्मात मिळाला न्हाई. म्हनत आसंल, आज म्हातारा वळणावर आला कसा.”

तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. पासष्टीचा माणूस, डोक्याला पटका, अंगावर विटकं जाकीट. घोडीच्या मानेवरून त्याचा हात सारखा फिरत होता.

“किती वर्षं आहे तुमच्याकडे?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“आमच्या हौसाच्या लग्नात नवरदेव हिच्यावर बसून आला. मागनं तो सोडून ग्येला. ही ऱ्हायली.”

हौसा त्याची मुलगी. नाक्यावर घोडा धरणारी ती एकटी बाई, म्हणून तिला सगळा आंबेकडा ओळखायचा. ती त्या वेळी घरात होती.

भालेकरकाकांनी फॉर्म काढला आणि सुरात वाचायला घेतला. “बिल्ला नंबर एक्केचाळीस. घोडी. रंग तांबडा. कपाळावर चांदणी. मागचा डावा पाय पांढरा. वय सोळा.”

मी एकेक बघत गेले. लगामाला बिल्ला होता. रंग तांबडा. कुंकवाखाली चांदणी. मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. ओठ वर करून दात पाहिले. लांब, झिजलेले, पुढे आलेले. सोळा काय, अठराही असतील.

“बसतंय का मॅडम?” काकांनी विचारलं.

“बसतंय.”

“बसतंय न्हवं?” जानूनंही विचारलं, आणि त्याच्या आवाजात काहीतरी होतं. ज्याची घोडी मरणार तो माणूस कागद चुकला असेल तर बरं, असं म्हणेल. हा कागद बरोबर आहे ना, याची खात्री करून घेत होता.

मी घोडीचा पुढचा पाय उचलला. का उचलला, सांगता येणार नाही, हाताची सवय. खुराला नाल नव्हता. दुसऱ्याही पायाला नव्हता. खूर वाढलेले, कडा मऊ पडलेल्या, नाल कधी होता याची खूणसुद्धा बुजलेली. नाक कोरडं ठक्क. जबड्याखाली हात फिरवला, एक गाठ नाही. आणि मी हे सगळं चाचपत असताना ती घोडी उभ्या उभ्या डुलकी घेत होती.

“जानूबाबा, नाल कधी काढले?”

“झालं की... लई दिस.”

“मग नाक्यावर दगडगोट्यातून कशी जायची?”

“जायाची तशीच,” तो म्हणाला आणि कुंकू नीट करू लागला.

तीन आठवड्यांपूर्वी नाक्यावर एक्केचाळीस नंबरचं रक्त घेताना घोडीनं भालेकरकाकांना चार पावलं फरपटत नेलं होतं. मला ते चांगलं आठवत होतं, कारण काका पडता पडता वाचले आणि मी हसले होते. ती घोडी एका जागी ठरत नव्हती, नाचत होती. दगडावर तिचे नाल खणखण वाजत होते.

काकांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. आम्ही तबेल्याच्या तोंडाशी उभे राहिलो. काका तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. त्यांनी मास्क खाली ओढला.

“मॅडम, तुम्हाला कळलं ते मलाही कळलं. पण कागदात बसतंय. बसतंय तर बसू द्या.”

“काका, ही ती घोडी नाही.”

“मग तुम्ही फॉर्मवर कुणाचं वर्णन लिहिलंत?”

इथं मला एक सांगायला हवं, जे मी इतका वेळ सांगितलं नाही. फॉर्मवरचं वर्णन मी घोडी बघून लिहिलंच नव्हतं. एकशे साठ घोड्यांची कपाळं, पाय आणि दात बघत बसले असते तर दोन दिवसांचे सहा दिवस झाले असते. रक्त घेताना मी फक्त बिल्ल्याचा नंबर टिपायची आणि मग दवाखान्यात बसून, नगरपालिकेच्या लायसन रजिस्टरमधून रंग, खुणा, वय उतरवून काढायची. काकांनीच तशी वाट दाखवली होती. सगळे असंच करायचे. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हाही मी तेच केलं. म्हणजे सहा वर्षांची नाचरी घोडी माझ्या सहीनं सोळा वर्षांची झाली होती. रजिस्टरमध्ये होती ती पाखरी. नाक्यावर पाखरीचा बिल्ला बांधून उभी होती ती दुसरीच. आणि ही चलाखी जानूची असली, तरी तिच्यावर सरकारी शिक्का मारून दिला होता मी.

“आत्ता तुम्ही बोललात,” काका हळू म्हणाले, “तर पहिली चौकशी तुमची. नोकरी पक्की झालेली नाही अजून. म्हातारी घोडी आहे, आज ना उद्या जायचीच. घरच्यांचीही तीच मर्जी दिसते.”

ते वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते. आणि मला वाचावंसं वाटत होतं, हे मी आज लपवत नाही. धुक्यात सगळं इतकं दूर, इतकं मऊ झालं होतं, की त्यात एक खोटी सही केली तर तीही धुक्यात विरून जाईल असं वाटलं. मी आत गेले आणि पिशवी उघडून औषध सिरिंजमध्ये भरलं. पाखरीनं झोपेतच हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली. जड, ऊबदार. तिच्या श्वासाला गुळाचा वास होता.

तेवढ्यात कुडाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. खोल, भरून आलेला, ओला खोकला. माणसाच्या छातीत एवढा खोकला मावत नाही.

काकांनी कुडाकडे पाहिलं.

“म्हातारी हाय आत,” जानू म्हणाला. “दमा हाय तिला.”

“हो का,” काका म्हणाले.

जानूची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस मला गावातल्या प्रत्येक घराची खबर देऊन जायचा. सिरिंज हातात धरून नुसती उभी राहिले.

मग हौसा चहा घेऊन आली. तिशीच्या आतली, उंच, खांदे पुरुषासारखे. थाळीत तीन कप होते आणि थाळी तिनं डाव्या हातानं छातीशी धरली होती. उजव्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं. गाल लाल होते आणि डोळ्यांत पाणी तरळत होतं. मला वाटलं, रडली असेल.

“हाताला काय झालं?”

“लगामानं कापलं.”

“कधी?”

“झालं तीन हप्तं. भरंना झालंय.”

“ताप येतो?”

“सांजच्याला येतो. कामाचा आसंल.”

मी सिरिंजला टोपण लावलं, पिशवीत ठेवली. नवे हातमोजे घातले. “सोड बघू ते फडकं.”

तिनं बापाकडे पाहिलं आणि फडकं सोडलं. तळव्याच्या कडेला जखम होती, काठ कुरतडल्यासारखे, मधे पिवळं. आणि तिथून कोपरापर्यंत, कातडीखाली, ओळीनं गाठी आलेल्या, दोऱ्यात मणी ओवावे तशा. हे चित्र मी पाहिलं होतं, कॉलेजच्या पुस्तकात, घोड्याच्या पायावर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की माणसातही असंच दिसतं. परीक्षेला ते येत नाही म्हणून मी ते कधी नीट वाचलं नव्हतं.

इतका वेळ एका घोडीच्या जागी दुसरी घोडी मरणार एवढीच गोष्ट होती. आता ती तेवढी राहिली नव्हती.

“जानूबाबा, मला घरात जायचंय.”

तो उठला आणि घराच्या दारात जाऊन उभा राहिला. मघाशी ज्यानं कागदाशिवाय या म्हटलं होतं, तोच माणूस चौकटीला दोन्ही हात लावून उभा.

“घर हाय ते, बाई. तबेला न्हाई. तुमचं काम तबेल्यात.”

“मॅडम, कागद,” काकांनी मागून हुकूम पुढे केला. आता तेही घाबरले होते. “कोणत्याही जागेत, इमारतीत. लिहिलंय तसं.”

मी कागद घेतला नाही. पायरीवर उभी राहिले, मास्क काढला. बावीस वर्षांत मी अनेक दारं उघडायला लावली, कोंबड्यांसाठी, डुकरांसाठी, एकदा एका साहेबांच्या कुत्र्यासाठी, आणि बहुतेक वेळा तो कागद पुढे करूनच. त्या दारात मात्र तो मला धरवला नाही.

“बाबा, मघाशी मी वाचलं ते तुम्हाला कळलं?”

“न्हाई.”

“हा रोग माणसाला होतो.”

त्याची नजर हौसाच्या हाताकडे गेली.

“घोडीचं नाक पुसलं, तिनं शिंकलं, ते जखमेत गेलं तरी होतो. आणि औषध वेळेवर मिळालं नाही तर माणूस मरतो. हौसाच्या हाताला तेच झालंय असं मला वाटतंय.”

“हे लिवलंय त्यात?”

“लिहिलंय. प्राणिजन्य संक्रमणक्षम म्हणून. शेवटच्या ओळीत.”

“शेवटच्या वळीत,” तो म्हणाला. “तुमी तीनदा आला, डाक्तरीनबाई. दोन येळंला रगत न्यायला, आन् आज. एकदा बी तोंडानं सांगितलं न्हाई.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. इतकी वर्षं झाली, पण कुणी माझ्या कामाला नावं ठेवली की मला दुसरं काही आठवत नाही, ते एवढंच आठवतं.

“नाही सांगितलं,” मी म्हणाले. “आणि आणखी एक. रक्त घेतलं तेव्हा मी घोडी बघितली नाही, नुसता बिल्ला बघितला. कागदावरचं सगळं रजिस्टरवरून उतरवलं. ही माझी चूक मी आज लिहून देणार आहे. पण ती लिहिली की तुमचंही उघडं पडणार. तुमचा बिल्ला मला वाचवता येणार नाही.”

“बिल्ला ग्येला की आमी काय करायचं?”

“मला माहीत नाही.”

हौसा पायरीवर बसली. फडकं हातात घेऊन ती गाठींकडे बघत होती, एकेक मोजल्यासारखी.

“आबा,” ती म्हणाली, “काढा तिला भाईर.”

“पोरी, तुझी घोडी हाय ती.”

“माझीच हाय. काढा.”

जानू चौकट सोडून आत गेला.

मग जे झालं ते मला अजून स्वप्नात दिसल्यासारखंच आठवतं. आतून कसलाच आवाज आला नाही. घराच्या काळोख्या दारातून आधी एक लांब कपाळ बाहेर आलं, मग मान. चौकट ठेंगणी होती म्हणून घोडीनं डोकं झुकवलं, पाहुणी बाई झुकते तसं, आणि ती अंगणात उतरली. तरीही आवाज नाही. खाली पाहिलं तर चारी खुरांना गोणपाट बांधलेलं. धुक्यात ती पाय न टेकवता आल्यासारखी आली. तांबडी, कपाळावर चांदणी, भरल्या अंगाची. नाकपुडीतून पिवळट धार लागलेली. पण मान अजून ताठ होती.

“कस्तुरी,” हौसा म्हणाली.

मागचा डावा पाय पांढरा होता. जरा जास्तच पांढरा. मी जवळ गेले तेव्हा कळलं, तो चुना होता. लायसनात पाय पांढरा लिहिलेला, म्हणून हौसा रोज सकाळी नाक्यावर जायच्या आधी चुन्याचं बोट फिरवून तो पांढरा करायची. दोन वर्षं करत होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त नगरपालिकेला आणि मला नव्हतं. एरवी मी पोट धरून हसले असते.

जानूला मी हातमोजे दिले, तोंडाला मास्क बांधला, माझाही पुन्हा चढवला. कस्तुरीनं आम्हा दोघांना ओळखलं नाही. ती बुजली, मान झटकायला लागली, गोणपाटातले पाय नाचवायला लागली.

“मी धरते,” हौसा उठली. “माझ्याबिगर ती कुनाला मानत न्हाई.”

“तू जवळ यायचं नाहीस.”

“एकदाच.”

“नाही, हौसा. एकदाही नाही.”

कोणत्याही जागेत शिरायचा अधिकार माझ्याकडे होता आणि मी तो वापरला नव्हता. हा एक अडवायचा अधिकार वापरला. ती तिथेच, दहा पावलांवर थांबली. तिचा हात आपोआप पुढे झाला होता, तो तिनं दुसऱ्या हातानं धरला. मग तिनं जिभेनं टाळूवर हलकेच चुक-चुक केलं. पुन्हा केलं. कस्तुरीचे कान फिरले. हौसा बोलायला लागली, बारीक आवाजात, नाक्यावर चढणीला बोलायची तसं. “चल गं माजी बाय. थोडं ऱ्हायलंय. ते वळान दिसतंय का, त्येवढंच. मग पानी पाजते तुला. चल, दमानं.” घोडी हळूहळू स्थिर झाली. मान खाली आली. मी शीर शोधली.

हौसा बोलतच राहिली. घोडी आधी पुढच्या गुडघ्यांवर आली, मग कुशीवर झाली, आणि तिचे कान शेवटपर्यंत हौसाच्या बाजूला होते. मी रडत होते. त्याची मला तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. हौसाला जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही हा रोग फक्त पुस्तकात पाहिलेला. महिनाभर सुया, मग सहा महिने गोळ्या. हात वाचला, ती वाचली. कोपरापासून मनगटापर्यंत व्रण राहिले. जानूचं, काकांचं आणि माझंही रक्त तपासलं, आम्ही तिघं सुटलो. पाखरीचं रक्त तीनदा गेलं आणि तीनदा चांगलं आलं. या वेळी मी दर वेळी तिचे दात पाहिले. बिल्ला गेलाच. मला चौकशी लागली, शेरा बसला, बदली झाली. काकांचं नाव मी त्यात येऊ दिलं नाही. हौसा पुढे एका हॉटेलात कामाला लागली. घोड्याला तिनं पुन्हा हात लावला नाही, असं काकांनी मला पत्रात कळवलं होतं.

पण मला त्या दुपारचं शेवटचं सांगायचं आहे.

काकांनी पळत जाऊन हातरिक्षा आणली होती. नाक्यावर गाडी सांगितली होती. खड्डा तयार होता, माणसं दोर घेऊन आली होती. मी फॉर्म काढला आणि जुन्या वर्णनावर रेघ मारली. धुकं तसंच होतं. हौसा रिक्षाच्या दांड्याला टेकून उभी होती, अंगावर घोंगडी, तापानं थरथरत. सगळे तिला बस म्हणत होते, आणि ती बसेना.

“हौसा, उशीर करू नकोस,” मी म्हणाले. “तुझा एकेक तास मोलाचा आहे.”

“मी मरनार का?”

“आत्ता निघालीस तर नाही, असं मला वाटतं. खात्री नाही.”

‘हा रोग माणसाला होतो’ याच्यानंतर त्या अंगणात माझ्या तोंडून निघालेलं ते दुसरं सरळ वाक्य. तिनं मान हलवली.

“तिचा पाय धुवा,” ती म्हणाली.

“काय?”

“चुना लावलेला पाय. म्या लावलाय. तसाच पुरू नगा. तिचा न्हाई तो.”

जानू उठायला लागला, पण त्याला उठवेना. मीच घरातून बादली आणि तांब्या आणला. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात शिरले, ती पाण्यासाठी. अंगणात गुडघे टेकून बसले, खुराचं गोणपाट सोडलं आणि पायावर पाणी ओतलं. चुना चिवट असतो. दोन वर्षांचा होता. बोटांनी, मग गवताच्या बोळ्यानं चोळत राहिले. काका शेजारी येऊन पाणी घालू लागले. पांढरं पाणी अंगणातून उताराला लागलं, आणि हळूहळू खालून केस दिसू लागले, ओले, लालसर. तोवर हौसा उभीच होती. कुणी तिला बस म्हटलं नाही.

पाय कोरडा पुसला. हातमोजे बदलले, कागद मांडीवर घेतला, घोडीकडे पाहिलं आणि लिहिलं: चारही पाय तांबडे.

“वाचा,” हौसा म्हणाली.

मी मोठ्यानं वाचलं. मग ती रिक्षात बसली.